लाल धाग्याची कणसं

निरोप आला तेव्हा माझ्या ताटात गव्हाची पोळी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण मंछाभाभी गेल्याचं कळलं त्या क्षणी मला पहिली लाज वाटली ती त्या पोळीची. दु:ख नंतर आलं, रस्त्यात, सारंगखेड्याच्या मोटारीत, तेही थोडं बिचकत आलं, कारण तिच्यासाठी रडावं की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं. दादाचा सालदार गोमा दारात उभा होता, पायातल्या वहाणा हातात घेऊन. म्हणाला, "नानभाऊ, सकायले गयात भाभी. चहा मांगा, तो ईस्तोवर गयात." आमच्या हिनं माझ्यापुढचं ताट उचललं. मी अर्धा घास तोंडात धरून बसलो होतो. गिळावा की थुंकावा, तेही मला त्या वेळी ठरवता आलं नाही. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच झालेले आहेत.

मंछाभाभी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवलं तिनंच. आमचं घराणं कधीकाळी गुजरातेतून तापीकाठी आलेलं, त्यामुळे धाकट्याला 'नान' म्हणायची रीत. मी तिचा 'नानभाऊ'. आज डोक्यावर केस मोजके उरलेत, तरी गावात मला याच नावानं ओळखतात. भाभी बुटकी, अंगानं काटक आणि बोलायला तिखट. तिला वाचता येत नव्हतं, पण ज्वारीचा दाणा दाताखाली धरून 'कट्' आवाज कसा येतो यावरून ती सांगायची की हे शेत कुणाचं, कापणी घाईत झाली की सवडीनं, आणि मळणीवर दव पडलं होतं की नाही. एकदा तिची परीक्षा घ्यावी म्हणून मी तीन घरचे दाणे कालवून दिले. तिनं तिन्ही वेगळे काढले आणि मला म्हणाली, "नानभाऊ, तुन्ही शाळा बंद व्हयनी वाटस, येळच येळ शे तुले."

हे सगळं दादरविषयी. खानदेशाबाहेरच्या वाचकांनी दादर म्हणजे मुंबईतलं ठिकाण समजू नये. दादर ही आमची रब्बीची ज्वारी. घट बसायच्या सुमाराला पेरायची, होळीच्या आधी काढायची. तिला पावसाळाभर शेत रिकामं लागतं. चार महिने त्यात काही लावायचं नाही, फक्त वखर फिरवत राहायचा आणि काळ्या मातीला पाणी पिऊ द्यायचं. पुढं पेरल्यावर एक थेंब वरून पडला नाही तरी ती त्या मुरलेल्या ओलीवर डोक्याएवढी वाढते. तालुक्याचे साहेब पावसाळ्यात आले की ही रिकामी शेतं पाहून आम्हाला आळशी म्हणायचे. भाभी म्हणायची, "वावर आडं पडेल दखास, पन ते पानी पी ऱ्हायनं." तिची भाकरी पांढरीशुभ्र व्हायची, तव्यावर टम्म फुगायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा रुमालासारखी घडी पडावी इतकी मऊ राहायची. सोबत उडदाची डाळ आणि तेल-तिखट. माझं सगळं बालपण या तीन गोष्टींवर गेलं, आणि माझी सगळी बुद्धीही बहुधा त्यांवरच खर्च झाली.

आमच्या गावात दादरचं बी विकत घ्यायची पद्धत नव्हती. प्रत्येक घरी बी निवडणारी एक बाई असायची. आमच्या घरी भाभी. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते तेव्हा दादर निसवायला, म्हणजे कणीस बाहेर टाकायला लागलेली असते, म्हणून यात्रेचे पाळणे बघायलाही ती कधी गेली नाही. कणसं भरली की लुगड्याच्या ओच्यात लाल धाग्याच्या गुंड्या घेऊन उभ्या पिकात शिरायची आणि निवडक कणसांना धागा बांधायची. धाग्याचं कणीस कापणीवाल्यांनी वेगळं काढायचं, गड्डी बांधायची आणि चुलीच्या वर धुरात टांगायची, वर्षभर. मी मागं मागं फिरायचो. मोठं कणीस दिसलं की ओरडायचो. ती म्हणायची, "मोठं कनीस पाहीसन भुलू नको, नानभाऊ. मोठं कनीस बाजारनं. घट्ट कनीस बीनं." आणि त्या गड्डीबद्दल तिचा एकच कायदा होता. घरात काही नसलं तरी बी खायचं नाही. "जो बी खाई, त्यानासंगे मी बोलस नई," असं ती म्हणायची, हसत नसायची.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या काठावर तेलाची इंजिनं आली. तापीचं पाणी फडफड करत वर चढायला लागलं. ज्याच्या शेतात इंजिनाचं पाणी त्याच्या शेतात ऊस, केळी. आणि ज्याच्या शेतात ऊस त्याच्या ओट्यावर माणसं. गावच्या गप्पा देवळापासून हलून इंजिनवाल्यांच्या ओट्यावर गेल्या. दादालाही ओट्यावर माणसं हवी होती. त्यानं ठरवलं की दोन्ही शेतांत ऊस लावायचा, वरच्या मळ्यात आणि खालच्या काळ्या वावरातही, जिथं आमची दादर यायची. घरात जो काही गदारोळ झाला! भाभीनं भाकरी थापायची थांबवून, पिठाचे हात तसेच वर धरून सांगितलं, "ज्या घरमा दादर नई, त्या घरमा मंछा नई." मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. नुसता उभा राहिलो असतो तर ठीक होतं, मी भाषण केलं. आपण काय खातो त्यावर आपण कोण ते ठरतं, ऊस काही आपण खात नाही, दादर गेली की कडबा जाईल, कडबा गेला की बैल जातील, बैल गेले की खत जाईल... मुद्दे चांगले होते. आजही चांगले आहेत. पण दादा म्हणाला, "तुले दादर पाहिजे ना? मंग लई जाय दादरनं वावर. वायलं व्हय!"

अशी आमची वाटणी झाली. दोन भाऊ भाकरीवरून वेगळे झाले असं गावात अजून सांगतात. वरचा मळा, इंजिन, विहीर दादाकडे. खालचं काळं वावर माझ्याकडे. कागदावर अंगठे उठवायच्या दिवशी माझं मन जरा डळमळलं होतं, खोटं कशाला सांगू. वरच्या मळ्यातलं पाणी ऐकू येत होतं. तेव्हा भाभी मला स्वयंपाकघराच्या दारात घेऊन गेली. तव्यावरची गरम भाकरी मोडून त्यावर लोणी घातलं, माझ्या हातात दिली आणि हळू म्हणाली, "नानभाऊ, इंजिन आज शे, सकाय बंद पडी. दादर कधी बंद पडनी का?" मी भाकरी खाल्ली आणि बाहेर येऊन सही केली. आमची ही तेव्हा नवी नवरी होती. तिनं ते पाहिलं होतं आणि त्यानंतरच्या प्रत्येक भांडणात मला ऐकवलं, "तुमले कोनी भाकर दखाडी का तुमी सही करी देतस."

पुढची सात-आठ वर्षं मी गावाचा विनोद होतो, आणि सुखी होतो. सगळ्या काठावर हिरवा ऊस आणि मधे माझं दादरचं वावर, टक्कल पडल्यासारखं पावसाळाभर काळं. माझी पोरं त्या वावरातल्या हुरड्यावर वाढली. भाभी दरवर्षी धागा घेऊन यायची, वेगळी झाली तरी. निवडलेल्या कणसांची अर्धी गड्डी माझ्या चुलीवर, अर्धी तिच्या. आणि मी दरवर्षी सुगी झाली की पहिलं पोतं तिच्या घरी पोचवायचो. स्वत:च्या पाठीवर, बैलगाडी असताना. माझी समजूत अशी की दादाच्या घरात ऊस शिरला, केळी शिरली, रेडिओ शिरला, पण ताटात भाकरी दादरची आहे, माझ्या हातची. भाभीनं शब्द पाळला आहे. मग मी वेडा ठरलो तर ठरलो.

एका उन्हाळ्यात दादा पंचायतीला उभा राहणार होता. तालुक्याहून साहेब आले, सोबत दोन-तीन मंडळी. दादानं मलाही जेवायला बोलावलं, भाऊ सोबत दिसला तर बरं म्हणून. पाटावर बसलो. ताटात आल्या गव्हाच्या पोळ्या, पातळ, तुपानं माखलेल्या. मी मनात म्हटलं, पाहुण्यांसाठी असेल. साहेब भला माणूस होता, घाटावरचा. त्यानंच हसत विचारलं, "वहिनी, खानदेशात आलोय, तुमच्याकडची ती ज्वारीची भाकरी नाही का?" भाभीनं पदर सारखा केला आणि शाळेतल्यासारखं मराठी जोडत, मान वर करून म्हणाली, "नाही साहेब. आमच्या घरात आता ज्वारी कोणी खात नाही. ती सालदारांना असते."

माझी नजर आपोआप दाराकडे गेली. दाराआड माझं पोतं होतं, मीच आणलेलं, मीच शिवलेलं. त्याचं तोंड उघडं होतं आणि गोमाची बायको त्यातून आपल्या टोपलीत ज्वारी भरत होती. मला सालदारांचा राग आला नाही. उलट एवढं चांगलं धान्य निदान त्यांच्या पोटात जात होतं, हे आज मला बरं वाटतं. त्या दिवशी मात्र असं वाटलं, की सात-आठ वर्षं मी पाठीवर एक पत्र वाहून आणत होतो आणि ते न उघडता दुसऱ्याला दिलं जात होतं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय लावता?" मी, दादरवर भाषणं करणारा माणूस, म्हणालो, "थोडंफार... असंच." पोळ्या मात्र तीन खाल्ल्या. चांगल्या होत्या.

मागच्या अंगणात मी भाभीला गाठलं. "भाभी, तू काय बोलनी हाई?" तिनं भांडी घासणं थांबवलं नाही. "मेहमाननासमोर भाकर ठेवतस का? तुन्हा दादाले उभं ऱ्हानं शे. लोके भाकर दखीसन मत देतस का?" मी म्हटलं, "आनि घरमा?" तेव्हा तिनं घासायला पुढचं भांडं ओढलं, म्हणाली, "पोरेसले पोयी आवडस, भाऊ. मी काय करू?" तिच्या 'ज्या घरमा दादर नई' चं काय झालं, हे मी विचारलं नाही. ती तर त्या घरातच होती.

तरीही ते मी पचवलं असतं. चवी बदलतात, पोरं हट्ट करतात, हे मलाही कळतं. पण दोन वर्षांनी माझ्या वावरात पाणी फुटलं. वरच्या मळ्यात उसाला बारा महिने पाणी, ते मुरत मुरत खाली माझ्याकडे. काळी माती चिबडली. दादरला खालून ओल लागते, पण पाय पाण्यात चालत नाहीत. मुळं कुजली, धाटं पिवळी पडून आडवी झाली. मग कडेकडेनं पांढरा खार वर आला, जणू कुणी पीठ सांडलंय. मी बांधावर दादाला शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि मग, रागात नाही, कंटाळून म्हणाला, "अरे येडा, मन्हावर कसाले चिडस? ती वाटनी मन्ही नई, तिन्ही व्हती. तिन्हीच सांगं मले, नानभाऊले खालनं वावर दी टाका, दादरनं नाव काढा, तो हासत लई लेई."

तो हासत लई लेई... हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल. मी खरंच हसत घेतलं होतं, तोंडात लोणी-भाकरी असताना. जिनं मला घट्ट कणीस आणि मोठं कणीस यातला फरक शिकवला, तिनं मला ओळखलं होतं, निवडलं होतं आणि कापलं होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. गंमत अशी की ती धागा घेऊन यायची थांबली नाही. वावराचा जेवढा कोरडा कोपरा उरला होता तेवढ्यात शिरायची, मी बांधावर पाठ करून बसायचो. शेवटच्या सालात तिला धागा बांधण्याजोगी अकराच कणसं मिळाली. पाच तिनं नेली, सहा माझ्या चुलीवर टांगली. मला जास्त का दिलं ते मी विचारलं नाही. अबोला होता ना.

मग ती लाल मिलोची वर्षं आली. ज्यांनी खाल्ली त्यांना वर्णन नको, ज्यांनी नाही खाल्ली त्यांना पटणार नाही. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिची भाकरी थापताना फुटायची, पोटात दगडासारखी बसायची. ज्या काठावरून दादर गाड्या भरून जायची, तिथली माणसं पिशव्या घेऊन परक्या देशाच्या ज्वारीसाठी रांगेत, आणि आमच्या पाठीमागे हिरवागार ऊस उभा. रांगेत मी सगळ्यांत पुढं. एका दुपारी मिलोची भाकरी धाकटीनं ताटाबाहेर सारली. मी उठलो, चुलीवरची गड्डी उतरवली. आमची ही म्हणाली, "नका. ते बी शे." मी म्हटलं, "कुठं पेरणार? खारात?" तिनं दळायला साफ नकार दिला. मग मी स्वत: जात्यावर बसलो. हाताला फोड आले, पीठ अंगणभर झालं. सहा कणसांच्या सात भाकऱ्या झाल्या. चव? उत्तम होती. मी दोन खाल्ल्या, आणि दर घासाला मला वाटत होतं की मी भाभीचा सूड घेतोय.

तिसऱ्या दिवशी भाभी टोपलीभर गहू घेऊन आमच्या दारात आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गड्डीचं काम नसताना. आत आली, टोपली टेकवली आणि सवयीनं वर पाहिलं. चुलीवरचा खिळा रिकामा होता. तिनं त्या खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताच्या फोडांकडे.  आमच्या हिला म्हणाली, "गहू निवडेल शेतस," आणि निघून गेली. मी समजत होतो की अबोला मी धरलाय. त्या दिवसापासून तो तिनं धरला, आणि तिचा पक्का निघाला. लग्नाकार्यात भेटलो तर माझ्या बायकोशी बोलायची, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायची. माझ्या बाजूला मात्र पदर एवढा पुढं ओढायची जणू मी परका पुरुष आहे. पुढं वावर पडीक पडलं आणि मी नंदुरबारला कापसाच्या जिनमध्ये काट्यावर नोकरी धरली. तीन वर्षं गेली. ती एक शब्द बोलली नाही, आणि गोमा निरोप घेऊन आला.

तेराव्याला मी दादाच्या स्वयंपाकघरात गेलो, का ते माहीत नाही. आता तिथं धूर कमी, भिंती चुन्यानं रंगवलेल्या. पण चुलीच्या वर, एका कोपऱ्यात, तो खिळा आणि त्यावर गड्डी. घट्ट कणसं, लाल धागे ताजे. जुनी असती तर धागा काळा पडला असता. दादा मागं येऊन उभा राहिला. दोन आठवड्यांत म्हातारा झाला होता. म्हणाला, "गोठाना मांगे एक वळ लायेल ऱ्हाये तिन्ही दर साल. इंजिननं पानी जाऊ दे नई तठे. कोनले हात लावू दे नई." मग थांबून म्हणाला, "नानभाऊनं बी शे, म्हने."

मी काय करावं? मला रडू आलं नाही, राग आला. म्हणजे सगळं खोटं नव्हतं. दादरवर तिचा जीव होता, आणि तिनं दादरचं नाव काढून मला खालच्या वावरात उतरवलं, आणि तिच्याच उसाचं पाणी ते वावर खाऊन गेलं, आणि ती गोठ्यामागं माझ्यासाठी एक ओळ राखत बसली. नुसतं फसवलं असतं तर मी निवांत झालो असतो. बी ठेवलं, माती ठेवली नाही... आता या बियाचं मी जिनच्या भाड्याच्या खोलीत काय करू? हे तिला विचारायचं होतं. पण दोघंही न बोलण्यात तरबेज.

गड्डी मी घेऊन आलो. आमच्या खोलीत घासलेटचा स्टोव्ह, धूर नाही; कीड लागू नये म्हणून दर रविवारी गड्डीखाली पाटीत गोवरी पेटवतो. शेजारी खोकतात, आमची ही कपाळाला हात लावते. तिच्या डाळीत तूस पडतं ते वेगळंच. गेल्या रविवारी ती म्हणाली, "एकदाव दळी टाकू का? भाभीना नावनी एक भाकर खाई लेवूत, सुटशात तुमी." मला पटलं. मी स्टुलावर चढलो, गड्डीला हात घातला, एक दाणा काढून दाताखाली धरला. कट्! कापणी सवडीनं झालेली, दव न पडलेली. मी तसाच स्टुलावर उभा राहिलो.

बी खाणाऱ्याशी ती बोलत नसे. आता तर ती कुणाशीच बोलणार नाही, म्हणजे खाल्लं काय नि न खाल्लं काय. गड्डी तिथंच ठेवून मी खाली उतरलो, आणि हिला म्हटलं, आज पोळ्याच कर.